बागेला सलाईन

संपादकांचा निरोप आला, ‘मिस्त्री, तुमच्या कारकिर्दीतले अनुभव लिहा.’ मी बायकोला म्हटलं, बघ, लोकांच्या मोऱ्या उपसल्या त्यालाही आता कारकीर्द म्हणतात. ती म्हणाली, “लिहा की. नाहीतरी घरातला नळ गळतोय, त्याच्याकडं बघायला तुम्हाला कुठं वेळ आहे?” मी लिहायला बसलो.

नळ फिटिंगचं काम बाहेरून दिसतं तेवढं सोपं नाही आणि मिस्त्री सांगतात तेवढं अवघडही नाही. पाइपाच्या टोकाला आटे पाडायचे, आट्यांवर ताग गुंडाळायचा, तागावर सफेता, म्हणजे पांढरा घट्ट रंग, फासायचा आणि पान्यानं आवळायचं. पांढरी टेप वगैरे थेरं नंतर आली. आवळताना हात कुठं थांबवायचा ते मात्र कोणी शिकवत नाही. कमी आवळलं तर गळतं आणि जास्त आवळलं तर सॉकेट चिरतं. हे एवढं जमलं की झालं. बाकीचं सगळं काम गिऱ्हाइकाशी बोलायचं असतं आणि खरा घाम तिथं निघतो.

सत्तरच्या दशकातल्या सोलापुरात तर फारच. एका व्यापाऱ्यानं नवं घर बांधलं आणि दिवाणखान्याबाहेर चकचकीत बेसिन बसवून घेतलं. नळ असा की त्यात तोंड बघावं. पण मागं पाइपच नाही! मी विचारलं, शेठ, कनेक्शन? म्हणाले, “कनेक्शन सवडीनं बघू, आधी लोकांना नळ तर बघू द्या.” वास्तुशांतीला आलेले पाहुणे एकामागून एक तोटी फिरवायचे आणि म्हणायचे, “पाणी गेलेलं दिसतंय.” एकालाही शंका आली नाही. कोरड्या नळावर संशय घेईल तो सोलापूरकर कसला?

आमच्या गावात पाण्याच्या काही सवयी पक्क्या. नळाजवळून जाताना तोटी फिरवून बघायची आणि पाणी नसलं तर ती पूर्ण उघडी ठेवून पुढं जायचं. पाणी आलं की आवाज येतोच. दुसरी सवय नंबराची. नळावर रांग माणसांची नसते, भांड्यांची असते. रात्रीच घागर, कळशी, डालड्याचा डबा, काही नसेल तर फुटकी वीट ठेवून द्यायची. ते भांडं म्हणजे साक्षात ती बाई. दुसऱ्याच्या नंबरातल्या भांड्याला हात लावायचा नाही. देवळातली चप्पल गेली तर माणूस हळहळून घरी जातो, पण नंबर हलवला तर डोकी फुटतात. हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील. सात रस्त्याच्या पुढं एका सरकारी बंगल्यात सबनीससाहेब राहायला आले. कुठल्या खात्याचे ते सांगत नाही. साहेब पुण्याचे, आणि सोलापूरला झालेली बदली त्यांनी मनाला लावून घेतली होती. सकाळी गच्चीत उभे राहून पुण्याच्या दिशेला बघायचे. अशा माणसाला सरकारनं ट्रेनिंगसाठी परदेशी पाठवलं. येताना लोक घड्याळं, रेडिओ आणतात. साहेबांनी काळ्या प्लास्टिकच्या नळीचं वेटोळं आणलं. तेवढ्यासाठी मला बोलावणं आलं.

“मिस्त्री, हे काय आहे ओळखा.”

“पाइप आहे साहेब. जरा अशक्त आहे.”

“अहो, ही ड्रिप! झाडाच्या मुळाशी थेंब थेंब पाणी. वाया काही जायचं नाही. उद्या सगळा सोलापूर जिल्हा यावर पिकणार आहे.”

खोटं कशाला बोलू, कल्पना मला आवडली. वेड्यासारखा पाट सोडून अख्खं रान बुडवणारी माणसं मी बघितली होती. मोठी नळी, तिला जागोजागी बारक्या नळ्या, प्रत्येकीच्या तोंडाशी एक गुलाबाचं झाड. डोकं होतं त्यात. पण साहेबांना जिल्ह्याची घाई नव्हती. पुण्याहून त्यांचे मोठे साहेब पाहणीला येणार होते. बाग बघून ते खूश झाले तर आपल्याला पुण्याला ओढून घेतील, असा साहेबांचा हिशेब होता. आता एवढंच काम राहिलं होतं, की ती परदेशी नळी आपल्या देशी नळाला जोडायची.

आणि भानगड त्या नळातच होती. बंगल्याच्या मागच्या फाटकाजवळ जमिनीतून उभा पाइप आला होता, त्याला एकच पितळी तोटी. मागं लागून एक चाळ. साळी लोकांची घरं, माणसं मागावर आणि बाया विड्या वळायला. दुष्काळात चाळीचा नळ सुकला तो सुकलाच. तेव्हाच्या साहेबांच्या बायकोनं फाटकाची कडी काढून ठेवली आणि म्हणाली, भरा इथनं. तेव्हापासून अख्खी चाळ त्या एका तोटीवर पाणी पीत होती. तोटीला दर शुक्रवारी हळदी-कुंकू व्हायचं. पितळ दिसायचं बंद झालं होतं.

मी पाना घेऊन गेलो तर नळापाशी नरसम्मा सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसलेली. ही चाळीची पुढारी. घरचं बोलणं तेलुगू, भांडण मराठीत. तिची मुलगी बाळंतपणाला आलेली आणि नुकतीच सिव्हिलमधून घरी परतलेली. नातीला न्हाऊ घालायचं पितळी घंगाळ नळाखाली लावलेलं होतं. नरसम्मानं माझ्या खांद्यावरचं वेटोळं बघितलं.

“अय्यो, काय आणलास रे मिस्त्री?”

मी सांगितलं. थेंब थेंब पाणी, बारक्या नळ्या, सगळं सांगितलं.

“म्हंजी सलाईन की. सिविलमदी आमच्या पोरीला लावलती.” मग माझ्याकडं रोखून बघत म्हणाली, “पोर अशक्त होती म्हणून लावली. तुज्या साहेबाची बाग आजारी हाय का?”

“नरसम्माबाई, मी हुकमाचा ताबेदार.”

“आन आमी? ह्या लेकराला कशानं धुवू? थुकीनं?”

मी तसाच साहेबांकडं परत गेलो. म्हटलं, साहेब, पाइपावर टी टाकतो, तीन तोंडांचा सांधा. एका हाताला चाळीची तोटी राहू दे, एका हाताला तुमची ड्रिप लावू. तासाभराचं काम आहे. साहेबांनी परदेशातून आणलेली पुस्तिका उघडली, चित्रावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “यात टी दाखवलेला नाही.”

“साहेब, यात चाळही दाखवलेली नाही.”

“मिस्त्री, आपण शास्त्रीय प्रयोग करतोय. पाणी फुटलं की प्रेशर फुटतं. पाहणीपर्यंत बायकांना दुसरीकडून भरायला सांगा.”

सांगायचं मी, आणि शिव्या खायच्याही मीच. सरकारी कामाची वाटणी अशीच असते.

पाना लावायला गेलो तर नरसम्मा आडवी आली. “थांब. आदी पाया पड.” पडलो. तिनं पदरानं तोटीवरचं हळदी-कुंकू पुसलं, रिकामं घंगाळ उचललं आणि चाळीकडं वळली. तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जोडणीचीही तऱ्हा ऐका. त्या परदेशी कनेक्टरचे आटे आपल्या आट्यांत बसेनात. लग्न ठरवून आणावं आणि नवरा-नवरीनं एकमेकांकडं पाठ करून बसावं, तसलं. शेवटी मंगळवार पेठेतून निप्पल आणि रेड्यूसर असे जोडतुकडे आणले, वर सायकलच्या ट्यूबचा पट्टा आवळला आणि तारेनं मुसक्या बांधल्या. बारक्या नळ्या गाळानं तुंबू नयेत म्हणून आत पंच्याच्या फडक्याचं गाळणं घातलं. साहेबांनी त्याला ‘फिल्टर युनिट’ म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं पाणी. तोटी फक्त पाव आटा उघडायची, असं साहेबांनी मला तीनतीनदा बजावलं होतं. पण पहाटे फिरायला निघताना त्यांनी स्वतःच सवयीनं तोटी फिरवून बघितली, कोरडी लागली, तशीच पूर्ण उघडी टाकून ते गेले. सहा महिन्यांत पुण्याचा माणूसही सोलापूरकर होतो. आमच्याकडं पाण्याच्या आधी वारा येतो. साहेब परतून बागेत उभे राहिले तोच पाइप खोकला, थरथरला, आणि सगळ्या नळ्या एकदम उधळल्या. एक तुळशीवृंदावनावर, एक साहेबांच्या वाळत घातलेल्या सुटावर, आणि एक थेट साहेबांच्या चष्म्यावर. चाळीतल्या बाया कुंपणाला लागून बघत होत्या. कोणी हसलं नाही. माझी मात्र पान्याला तोंड लावून हसायची वेळ आली.

साहेबांनी खापर अर्थात चाळीवर फोडलं. दुपारी मला तोटीभोवती पत्र्याची पेटी करायला लावली. तोटी पाव आट्यावर ठेवली, पेटी बंद केली, तिला कुलूप घातलं आणि किल्ली साहेबांनी जानव्याला बांधली. आता त्या पेटीतून बागेत फक्त काळी नळी जात होती. गुलाब टिपटिप पाणी प्यायला लागले.

चाळीच्या बाया गिरणीच्या कोपऱ्यावरच्या सार्वजनिक नळावर जायला लागल्या. तिथं त्यांचा नंबर नव्हता. परक्यांची भांडी सगळ्यांत मागं, असा तिथला कायदा, आणि त्यांचा नंबर येईस्तोवर पाणी जायचं. नरसम्मा त्या वयात घागर डोक्यावर घेऊन ऊर फुटेस्तोवर चालायची. पोर नुकती बाळंत झालेली, ती काय पाणी भरणार! नरसम्माच्या विड्या कमी व्हायला लागल्या, नातीचं न्हाणं एक दिवस आड झालं. एकदा रस्त्यात भेटली. मी घागर उतरवायला हात पुढं केला. म्हणाली, “नको. तुजा हात लागला की नळ जातो.” त्या रात्री मला जेवण गेलं नाही, आणि बायकोला वाटलं भाजी बिघडली.

पाहणीच्या दिवशी साहेबांनी मला सकाळीच बोलावून ठेवलं, ऐनवेळी गळती झाली तर असावा म्हणून. साहेब सुटात. दोघं मिळून बागेत गेलो आणि जागच्या जागी थांबलो.

प्रत्येक बारक्या नळीच्या तोंडाखाली एक भांडं होतं. घागरी, कळश्या, डालड्याचे डबे, अॅल्युमिनियमची पातेली, एक तांब्या. गुलाबाच्या मुळाशी थेंब नाही, सगळे थेंब भांड्यांत. टिप टिप टिप टिप, प्रत्येक भांड्याचा आवाज वेगळा. सगळ्यात डेरेदार झाडाखाली नातीचं घंगाळ. आणि वाफ्याच्या कडेला चाळीतल्या बाया पदर खोचून ओळीनं बसलेल्या, मांडीवर सुपं, विड्या वळण्याचं काम चालू.

“हे काय आहे?” साहेबांचा आवाज चिरकला.

नरसम्मानं मान वर न करता सांगितलं, “नंबर लावलाव.”

“उचला! आत्ताच्या आत्ता उचला!”

“पाणी हितं येतंय, मग नंबर बी हितंच. आन बरं हाय की साहेब, सलाईनवर भांडान न्हाई. सगळ्यांचाच पयला नंबर.”

साहेबांनी शिपायाला फर्मावलं, भांडी काढ. शिपाई सोलापूरचा. तो म्हणाला, “साहेब, नोकरीवरनं काढा, पण नंबराला हात लावायला सांगू नका.” ड्रायव्हरनं गाडीत काहीतरी शोधायला सुरुवात केली. साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी वर आभाळाकडं बघितलं. शेवटी साहेब स्वतः पुढं झाले, घंगाळाला हात घालणार इतक्यात फाटकाशी जीप थांबली.

मोठे साहेब उतरले. गोल, गोरेपान, हातात रुमाल. बागेकडं बघितलं, भांड्यांकडं बघितलं, बायांकडं बघितलं.

“सबनीस, व्हॉट इज धिस?”

आता खरी गंमत. मला वाटलं साहेब कोसळणार. पण सरकारी नोकरी माणसाला काय शिकवते ते मी त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं. सबनीससाहेबांनी खिशातून फूटपट्टी काढली, तांब्यात उभी केली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “सर, मापन चालू आहे. प्रत्येक नळीतून समान पाणी येतं की नाही, त्याची चाचणी. स्थानिक महिलांच्या सहभागातून.”

मोठे साहेब ओणवे झाले. एका घागरीत डोकावले, मग डब्यात, मग घंगाळात. घागर आणि डबा एका मापाचे नाहीत हे त्यांच्याही ध्यानात आलं असावं, कारण त्यांनी विचारलं, “भांडी वेगवेगळी का?”

“सर, प्रत्यक्ष परिस्थितीत सर.”

“वा! फारच छान.” त्यांनी नरसम्माला विचारलं, “काय बाई, पाणी सगळ्यांना सारखं मिळतं ना?”

“व्हय,” नरसम्मा म्हणाली. “सगळ्यांना सारकंच कमी मिळतं.”

मोठे साहेब खदखदून हसले, आणि जाताना तोंडी हुकूम देऊन गेले, की ही मापनाची व्यवस्था वरून सांगितल्याशिवाय कोणीही हलवायची नाही. पुढं लवकरच सबनीससाहेबांची पुण्याला बदली झाली. सामान ट्रकमध्ये गेलं, साहेब गाडीत गेले, आणि जानव्याला बांधलेली किल्लीही त्यांच्याबरोबर गेली. पेटीच्या कुलपाची आठवण कोणाला झालीच नाही. ती किल्ली अजूनही पुण्यात कुठंतरी गंध-अक्षता खात असेल.

इकडं चाळीचं हसं झालं. नळ मागितला होता, मिळाली टिपटिप, आणि तीही सरकारी हुकमानं कायमची. एक घागर भरता भरता पाणी जायची वेळ व्हायची. गुलाब वाळून काटे राहिले. नवे साहेब आले ते शांत स्वभावाचे, म्हणजे काहीच न करणारे. नरसम्मा मला घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. साहेब म्हणाले, कुलूप सरकारी आहे, व्यवस्था वरच्या साहेबांची आहे, मी हात लावू शकत नाही.

“कुलपाला कोन हात लावतंय?” नरसम्मा म्हणाली. “साहेब, ही भांडी मोजमापाची की न्हाई?”

“आहेत.”

“मग रोज घासाया नको व्हय? गाळ बसतो. घाण भांड्यात माप कसं बराबर यील?”

साहेबांनी बराच विचार केला. यात नाही म्हणण्यासारखं काही सापडेना. “भांडी धुण्यापुरता नळ असायला हरकत नसावी,” असं ते म्हणाले आणि वर्तमानपत्र उघडलं.

दुपारी पाणी गेल्यावर मी पेटीच्या खाली पाइप कापला, आटे पाडले आणि टी टाकला. साहेबांच्या पुस्तिकेत नसलेला तोच टी. वरच्या हाताला कुलपातली सलाईन तशीच राहिली, आडव्या हाताला नवी पितळी तोटी बसली. एवढ्या मन लावून मी ताग कधी गुंडाळला नसेल. काम झाल्यावर पाना पिशवीत टाकत होतो तर नरसम्मा हळदी-कुंकवाची वाटी घेऊन आली. तोटीला बोटं लावली. मी न सांगता पाया पडलो. तिनं तोटी पूर्ण उघडी केली, खाली घंगाळ ठेवलं आणि सूप घेऊन बसली.

“बाई, पाणी उद्या सकाळी येणार.”

“म्हाईत हाय की. नंबर धरलाय.”

दुसऱ्या दिवशी कोणी बोलावलं नव्हतं, तरी सकाळी गेलो. नव्या सांध्याचा भरवसा नसतो, असं बायकोला सांगितलं. पाइप खोकला. आधी वारा आला, मग लालसर पिचकारी, आणि मग धार! इतके दिवस त्या बागेत टिपटिप ऐकलेली. ती जाड धार रिकाम्या घंगाळात आदळली, त्याचा आवाज अख्ख्या चाळीत गेला. दारं उघडली, बाया घागरी घेऊन धावत सुटल्या आणि बघता बघता नळावर भांडण पेटलं. कोणाची घागर पुढं, कोणाचा डबा मागं, कोणी रात्री वीट ठेवली होती, कोणी ती सरकवली. एक तेलुगूत दुसरीचं कूळ काढत होती, दुसरी मराठीत तिसरीचं. नरसम्मा मधोमध, आवाज बसलेला, चेहरा फुललेला. मी सांध्यावरून बोट फिरवलं. कोरडा होता.

तेवढ्यात नरसम्माची पोर बाळाला खांद्यावर घेऊन फाटकातून आली. जिनं सगळ्यात जास्त आरडाओरडा केला होता, तिनंच आपली घागर बाजूला घेतली आणि सरकलेलं घंगाळ पायानं धारेखाली नीट लावलं. ते काठोकाठ भरलं, दोन बायांनी मिळून उचललं, पोर त्यांच्यामागं घरी गेली. आणि भांडण जिथं थांबलं होतं, तिथून पुढं सुरू झालं.